दुरून पाहणारा कॅमेरा : चैतन्य ताम्हाणे यांचे चित्रपट आणि स्वशिक्षित दिग्दर्शकाची जागा

प्रस्तावना

मराठी चित्रपटसमीक्षेत 'स्वशिक्षित दिग्दर्शक' हा शब्दप्रयोग बहुधा कौतुकापोटी केला जातो. त्याचा अर्थ काय, याचा विचार क्वचितच होतो. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० साली स्थापन झाली. तत्पूर्वीच्या मराठी दिग्दर्शकांपुढे शिकण्यासाठी शाळाच नव्हती. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस आपल्या सहकाऱ्यांसह स्वतःचा कॅमेरा बनविला, 'सैरंध्री' (१९२०) आणि 'सावकारी पाश' (१९२५) असे चित्रपट निर्माण केले, आणि त्यांच्याच महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्ही. शांताराम, दामले व फत्तेलाल यांचा हात बसला. त्या पिढीला स्वशिक्षित म्हणणे म्हणजे गांधीबागेतील कापडाच्या ठोक व्यापाऱ्याला स्वशिक्षित म्हणण्यासारखे आहे. गादीवर बसून, ताग्यामागून तागे हाताळून कापडाचा पोत ओळखण्याची विद्या तेथे मिळते. तिचे प्रमाणपत्र कोणी मागत नाही, कारण ते देणारे कोणी नसते.

शाळा अस्तित्वात आल्यानंतर मात्र या शब्दाला धार येते. नागपूरचे राजकुमार हिरानी पुण्याच्या संस्थेत जाऊन संकलन शिकले. सुमित्रा भावे समाजकार्याच्या क्षेत्रातून आल्या आणि संशोधनाच्या गरजेतून त्यांनी 'बाई' (१९८५) हा लघुपट केला. चित्रपटाचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. त्यांचे सहदिग्दर्शक सुनील सुकथनकर यांनी ते घेतले होते. अशा काळात शाळेत न जाणे हा मार्गांपैकी एक मार्ग ठरतो आणि त्या मार्गाचे ठसे कलाकृतीत कोठे उमटतात, हे तपासता येते. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) आणि 'द डिसायपल' (२०२०) या दोन चित्रपटांच्या आधारे ही तपासणी येथे करावयाची आहे. ताम्हाणे यांची शैली ही मुळात बाहेर बसून पाहणाऱ्याच्या जागेची शैली आहे. तिचे बळ त्या जागेत आहे आणि तिची मर्यादाही तेथेच आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

जडणघडण

ताम्हाणे यांचा जन्म १९८७ साली मुंबईत झाला. मिठीबाई महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला. विद्यार्थिदशेतच दूरचित्रवाणी मालिकांसाठी त्यांनी लेखन केले, पुढे रंगभूमीवर नाटक केले आणि 'सिक्स स्ट्रँड्स' हा लघुपट केला. या उमेदवारीतील सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे 'फोर स्टेप प्लॅन' (२००६) हा माहितीपट. भारतीय चित्रपटांतील वाङ्मयचौर्य हा त्याचा विषय होता. ज्याला गुरू नाही त्याच्यासमोर पहिला मोह अनुकरणाचा असतो. या तरुणाने विशीच्या आतच अनुकरण हाच अभ्यासविषय केला, याची नोंद घेतली पाहिजे.

'कोर्ट'ची पूर्वतयारीही त्याच वृत्तीची आहे. चित्रपटांत पाहिलेल्या न्यायालयावरून आपले न्यायालय रचण्याऐवजी ते मुंबईच्या कनिष्ठ न्यायालयांत जाऊन बसले. तेथे दिसणारी गोष्ट हिंदी चित्रपटाच्या प्रेक्षकाला ओळखीची नव्हती. आवेशपूर्ण युक्तिवाद नव्हते, उलटतपासणीत कोसळणारे साक्षीदार नव्हते. तारखा होत्या, अस्पष्ट उच्चारांत वाचली जाणारी कलमे होती आणि आपला क्रमांक येण्याची वाट पाहणारी माणसे होती. विवेक गोंबर यांनी निर्मितीची जबाबदारी घेतली आणि बचाव पक्षाच्या वकिलाची भूमिकाही केली. व्हेनिस महोत्सवात 'ओरिझोन्ती' विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि पदार्पणासाठीचा 'लायन ऑफ द फ्यूचर' असे दोन पुरस्कार, २०१४ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ आणि ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका, ही पुढची वाटचाल सर्वश्रुत आहे. पुरस्कारांची यादी शैलीविषयी फारसे सांगत नाही, म्हणून ती येथेच सोडून देणे योग्य.

'कोर्ट' : बाकावरून पाहणे

कथासूत्र अल्प आहे. नारायण कांबळे हा वयस्क लोकशाहीर मुलांच्या शिकवण्या घेऊन उदरनिर्वाह करतो. एका वस्तीतील कार्यक्रमात गात असताना त्याला अटक होते. आरोप असा की, त्याच्या गाण्यामुळे वासुदेव पवार या गटार-सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. तत्कालीन भारतीय दंड संहितेतील आत्महत्येस प्रवृत्त करण्याचा गुन्हा, म्हणजे कलम ३०६, त्याच्यावर लावला जातो आणि खटला तारखांमागून तारखा घेत पुढे सरकतो.

मृणाल देसाई यांच्या छायाचित्रणात कॅमेरा बहुतांश स्थिर आहे, चौकट रुंद आहे आणि माणसे मध्यम अंतरावर आहेत. न्यायाधीश, सरकारी वकील, लघुलेखक, पोलीस, मागे बसलेले अनोळखी पक्षकार हे सर्व एकाच चौकटीत असतात. कोणाकडे पाहावे हे दिग्दर्शक सांगत नाही. ही जागा कोणाची आहे, असा प्रश्न विचारला तर उत्तर सोपे आहे : ती न्यायदालनातील मागच्या बाकाची जागा आहे. ज्याचे तेथे काही काम नाही, ज्याला प्रक्रियेची भाषा पुरती कळत नाही, परंतु ज्याला उठवूनही कोणी लावत नाही, अशा माणसाची ती जागा. ताम्हाणे ज्या बाकावर बसून न्यायालय शिकले, त्याच बाकावर त्यांनी कॅमेरा ठेवला आहे. त्यांच्या शैलीची तुलना युरोपीय दिग्दर्शकांशी करण्याचा प्रघात आहे आणि ती तुलना अगदीच गैरलागू नाही. तथापि शैलीचा उगम या बाकाशी अधिक आहे.

या पद्धतीचा खरा लाभ भाषेच्या बाबतीत होतो. चित्रपटात मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी या चारही भाषा आपापल्या सामाजिक स्थानासह येतात. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) मराठीत सहज बोलते, पण कायद्याचे उतारे वाचताना तिच्या तोंडी एक सपाट, विरामहीन इंग्रजी येते. बचावाचे वकील विनय वोरा गुजराती घरातून आलेले आहेत. न्यायाधीश सदावर्ते (प्रदीप जोशी) साक्ष ऐकतात आणि तिचा सारांश इंग्रजीत लघुलेखकास सांगतात. मृत कामगाराची पत्नी शर्मिला पवार (उषा बाणे) हिची साक्ष या दृष्टीने चित्रपटाचे मर्मस्थान आहे. नवरा मॅनहोलमध्ये उतरण्यापूर्वी आत खडा टाकून पाही. झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजे. वास सहन व्हावा म्हणून दारू पिई. सुरक्षेचे साधन त्याच्याजवळ काहीच नसे. हे सर्व ती विलाप न करता, विचारले तेवढेच सांगते. तिच्या वाक्याचे न्यायाधीशांच्या वाक्यात रूपांतर होताना जे गळते ते दाखविण्यासाठी दिग्दर्शकाला एकही क्लोजअप घ्यावा लागत नाही. साक्ष आणि नोंद एकाच चौकटीत, एकापाठोपाठ एक ऐकू येतात. दोहोंमधील अंतर प्रेक्षक स्वतः मोजतो. हाताने मैला साफ करण्याच्या कामास मनाई करणारा कायदा १९९३ मध्ये झाला आणि २०१३ मध्ये अधिक व्यापक कायदा आला, हे माहीत असणाऱ्या प्रेक्षकाला त्या न्यायदालनात आणखी एक रिकामी जागा दिसते : ज्यांनी कामगाराला आत उतरविले, ते तेथे आरोपी म्हणून उभे नाहीत.

विनोद हे या चित्रपटाचे दुर्लक्षित अंग आहे. बाह्या नसलेला पोशाख घातला म्हणून एका महिलेचे प्रकरण न्यायाधीश पुढे ढकलतात. जप्त पुस्तकांची चर्चा न्यायालय अत्यंत गांभीर्याने करते. वासाहतिक काळातील १८७६ चा नाट्यप्रयोगविषयक कायदा तेथे अद्याप जिवंत असतो. चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर काही वर्षांनी संसदेने तो निरसित केला, ही गोष्ट या प्रसंगाला आज वेगळीच खुमारी देते. हशा पिकतो आणि तो पिकल्याचे प्रेक्षकालाच ओशाळवाणे वाटते. दोष कोणा दुष्ट व्यक्तीकडे बोट दाखवून संपविता येत नाही, म्हणून हे ओशाळेपण टिकते.

फुरसत कोणाला?

खटल्याच्या तारखांच्या मध्ये कॅमेरा न्यायालयातील माणसांच्या मागोमाग जातो. वोरा किराणा घेतात, मित्रांसह गाणे ऐकतात, आईवडिलांशी वाद घालतात. एका समाजाच्या भावना दुखावल्याच्या कारणावरून त्यांच्या तोंडाला काळे फासले जाते आणि त्यानंतर ते प्रसाधनगृहात चेहऱ्यावर उपचार करून घेताना दिसतात. नूतन लोकलमध्ये सहप्रवासिनीशी तेलाच्या आणि साडीच्या गप्पा मारते, मुलाला घेऊन घरी येते, स्वयंपाक करते, कुटुंबासह नाटकाला जाते. ते नाटक परप्रांतीयांची टर उडविणारे असते आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी दुमदुमते. ही स्त्री उद्या एका शाहिराला तुरुंगात ठेवण्याची मागणी करणार आहे आणि आज ती थकलेली, कर्तव्यदक्ष गृहिणी आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू देणे, हे गीतांजली कुलकर्णी यांच्या अभिनयाचे आणि पटकथेचे संयुक्त यश आहे.

न्यायाधीशांचा प्रसंग शेवटी येतो. उन्हाळी सुटी लागते, दालन रिकामे होते, दिवे मालवले जातात आणि पडदा काळा होतो. सामान्य दिग्दर्शक येथे थांबला असता. ताम्हाणे न्यायाधीशांच्या कौटुंबिक सहलीला जातात. तेथे पगारांच्या गप्पा होतात, बोलू न शकणाऱ्या मुलासाठी अंकशास्त्राचा सल्ला दिला जातो. बाकावर डुलकी लागलेल्या न्यायाधीशांची मुले खोडी काढतात. ते जागे होतात आणि हाताशी सापडलेल्या मुलाला थप्पड मारतात. अवघ्या चित्रपटात या न्यायाधीशांनी झटपट दिलेला निवाडा हा एवढाच. आदल्या वर्षीच्या नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) जब्या शेवटी दगड भिरकावतो तो थेट प्रेक्षकाच्या दिशेने. दोन्ही शेवट लक्षात राहणारे आहेत, परंतु मंजुळे यांचा कॅमेरा दगड झेलणाऱ्याच्या जागी उभा राहतो, तर ताम्हाणे यांचा थप्पड पाहणाऱ्याच्या. एक आतून केलेला चित्रपट आहे, दुसरा बाहेरून.

येथेच एक गंभीर आक्षेप उपस्थित होतो. वोरा, नूतन आणि सदावर्ते यांना चित्रपट फुरसत देतो : घर, जेवण, करमणूक, सहल. नारायण कांबळेला तो केवळ काम देतो. शिकवणी, गाणे, कोठडी, रुग्णशय्या आणि जामिनावर सुटल्यानंतर छापखाना, जेथे त्याला पुन्हा अटक होते. तो कोणाबरोबर जेवतो, कशाला हसतो, रात्री कोणते पुस्तक उशाशी घेतो, हे कळत नाही. तिघांना अंतर्विरोध लाभतात, कारण अंतर्विरोध फुरसतीत दिसतात. शाहिराला फक्त भूमिका उरते. ज्याच्या नावाने खटला चालतो तो खटल्यात गैरहजर असतो, हे दाखविण्यासाठीच अशी रचना केली, असे समर्थन करता येईल आणि ते काही अंशी ग्राह्य आहे. परंतु वकिलांच्या घरात सहज शिरणारा कॅमेरा शाहिराच्या बाबतीत उंबऱ्याशी थबकतो, याचे दुसरे कारणही संभवते. बाकावर बसून न्यायालय शिकता येते. वस्ती तशी शिकता येत नाही. पाहण्याच्या अंतरातून जे ज्ञान येते त्याची ही सीमा आहे आणि 'कोर्ट'च्या स्तुतिपर समीक्षेने तिची पुरेशी दखल घेतलेली नाही.

वीरा साथीदार यांनी भरून काढलेली जागा

पटकथेने मोकळी ठेवलेली ही जागा पडद्यावर तितकी रिकामी वाटत नाही, याचे श्रेय वीरा साथीदार यांना द्यावे लागते. वर्धा जिल्ह्यातून येऊन नागपूर ही कर्मभूमी केलेले साथीदार आंबेडकरी चळवळीतील कार्यकर्ते आणि 'विद्रोही' या नियतकालिकाचे संपादक होते. व्यावसायिक नट ते नव्हते. संभाजी भगत यांनी संगीतबद्ध केलेली गाणी ते ज्या ढंगाने सादर करतात, त्यात रंगमंचावरील आविर्भाव कमी आणि सभेतील सवय अधिक आहे. नागपूरच्या वाचकाला हा फरक सांगावा लागत नाही. दीक्षाभूमीच्या परिसरात ऑक्टोबरमध्ये उभ्या राहणाऱ्या मंचांवरून असे आवाज त्याने ऐकलेले असतात.

न्यायालयात असे गाणे लिहिले का, असे विचारल्यावर नारायण उत्तर देतो की अजून लिहिलेले नाही. त्या 'अजून'मध्ये साथीदार जोर देत नाहीत, विनवणीही करीत नाहीत. शिकवलेला नट या शब्दावर थांबला असता. आयुष्यभर प्रश्न विचारले गेलेला माणूस तो सहज उच्चारून मोकळा होतो. स्वशिक्षित दिग्दर्शकाने अप्रशिक्षित नट घेतले, असे या निवडीचे वर्णन नेहमी केले जाते. ते अपुरे आहे. साथीदार चित्रपटाबाहेर पुष्कळ शिकलेले होते आणि दिग्दर्शकाला जे ठाऊक नव्हते ते त्यांना ठाऊक होते. कॅमेऱ्याने ओलांडला नाही तो उंबरठा नटाने आतून उघडून दिला.

'द डिसायपल' : गुरू नसलेल्याचा गुरुशोध

'कोर्ट'नंतर ताम्हाणे यांना मेक्सिकन दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोन यांचे मार्गदर्शन एका आंतरराष्ट्रीय योजनेतून लाभले आणि 'रोमा'च्या (२०१८) निर्मितीचे निरीक्षण त्यांना करता आले. शाळेत न गेलेल्या दिग्दर्शकाला तिशीत गुरू मिळाला आणि त्यानंतर त्याने चित्रपट केला तो गुरू-शिष्य परंपरेवर. क्वारोन त्याचे कार्यकारी निर्माते होते. व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट दाखल झाला तो 'मान्सून वेडिंग'नंतर (२००१) प्रथमच. पटकथेचा पुरस्कारही त्याला मिळाला.

शरद नेरूळकर (आदित्य मोडक) हा तरुण एका काल्पनिक घराण्याच्या वृद्ध गुरूकडे (अरुण द्रविड) हिंदुस्थानी गायन शिकतो. मोडक आणि द्रविड हे दोघेही प्रत्यक्षात गायक आहेत; द्रविड यांना किशोरी आमोणकर यांची तालीम लाभलेली आहे. त्यामुळे रियाज, मैफल आणि तालमीचे प्रसंग ओठ हलविण्याच्या खोटेपणातून सुटले आहेत. शरद गुरूंचे अंग चेपतो, त्यांना डॉक्टरकडे नेतो, जुन्या ध्वनिमुद्रणांचे काम करून पोट भरतो आणि वर्षामागून वर्षे वाट पाहतो. त्याला कष्ट कमी पडत नाहीत. प्रतिभा कमी पडते. हे तो जाणतो की नाही, एवढ्याच प्रश्नावर चित्रपट दोन तास तोललेला आहे.

येथेही कॅमेरा श्रोत्याच्या जागी आहे, मात्र एक अपवाद वारंवार येतो. रात्रीच्या निर्मनुष्य रस्त्यावरून शरद संथ गतीने मोटारसायकल चालवितो आणि कानात माईंच्या व्याख्यानांचे ध्वनिमुद्रण चालू असते. माई म्हणजे गुरूंच्या गुरू. त्यांनी कधी जाहीर मैफल केली नाही, गाणे मुद्रित होऊ दिले नाही. अन्नपूर्णादेवींच्या (१९२७–२०१८) एकांतवासाची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे. शुद्धतेचा, त्यागाचा आणि एकाकी साधनेचा उपदेश करणारा हा आवाज तंबोऱ्याच्या नादावर तरंगत येतो आणि ताम्हाणे यांच्या चित्रसृष्टीत प्रथमच प्रेक्षक एका पात्राच्या डोक्यात शिरतो. आत शिरल्यावर काय आढळते? दुसऱ्याचा आवाज. पुढे राजन जोशी हा संगीतसंग्राहक मद्यालयात शरदला माईंविषयी आणि त्याच्या गुरूंविषयी काही अप्रिय गोष्टी सांगतो. शरद समोरचा पेला त्याच्या तोंडावर रिकामा करतो. जोशी खरे बोलतो की विकृत आनंद घेतो, हे ठरविण्याचे काम चित्रपट नाकारतो, आणि ते नाकारणे येथे योग्य आहे. शरदच्या दृष्टीने दोन्ही शक्यता सारख्याच विनाशक आहेत.

महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्यांनी हा चित्रपट अस्वस्थ होऊनच पाहावा असा आहे. शिष्याची निष्ठा पूर्ण आहे, गुरूची विद्या अस्सल आहे, पद्धतीत खोट नाही, आणि तरीही काही उगवत नाही. परंपरेचा ढोंगीपणा उघड करणारा चित्रपट म्हणून त्याचे वाचन काहींनी केले आहे. ते वाचन उथळ आहे, कारण गुरूंच्या गायनाला चित्रपट पूर्ण आदराने, न तोडता ऐकतो. परंपरा खरी असूनही तिच्यात आपल्याला जागा नसणे, हे त्याचे दुःख आहे. काही ठिकाणी ही मांडणी एकसुरी होते. दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेतून प्रसिद्धीस येणाऱ्या मुलीचा उपकथाभाग अपेक्षित मार्गानेच जातो आणि 'कोर्ट'मधील विनोदाची उणीव भासते.

माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. 'कासव' (२०१६) या सुवर्णकमळप्राप्त चित्रपटाच्या दिग्दर्शिका, आणि शाळेबाहेर राहून चित्रपट शिकलेल्या. ताम्हाणे यांनी हा योग जाणून साधला असो वा नसो, गुरूच्या अदृश्य आवाजासाठी मराठीतील एका ज्येष्ठ स्वशिक्षित दिग्दर्शिकेची निवड झाली आहे. साथीदार यांचे १३ एप्रिल २०२१ रोजी नागपुरात कोविडने निधन झाले. भावे १९ एप्रिलला पुण्यात गेल्या. 'द डिसायपल' नेटफ्लिक्सवर सर्वांसाठी खुला झाला तो ३० एप्रिलला. टाळेबंदीच्या त्या दिवसांत बहुतेक मराठी प्रेक्षकांनी माईंचा आवाज प्रथम ऐकला तेव्हा तो, कथेत आहे त्याप्रमाणेच, मागे उरलेल्या ध्वनिमुद्रणाचा आवाज झाला होता.

चित्रपटाच्या अखेरीस शरद पत्नी आणि मुलीसह आगगाडीत बसलेला आहे. त्याने गाणे सोडले आहे. दुर्मीळ ध्वनिमुद्रणे प्रकाशित करण्याचा उद्योग तो करतो. डब्यात एक फिरता गायक वाद्य छेडीत येतो आणि गातो. कोणत्या घराण्याचा, कोणाचा शिष्य, असे त्याला कोणी विचारत नाही. शरद ऐकत राहतो आणि कॅमेरा समोरच्या बाकावर बसल्यासारखा त्याच्याकडे पाहत राहतो.